प्रवासातल्या बागा, कारंजी आणि नर्सऱ्या : पाणी कुठून येतं तेही बघूया

घाटमाथा
श्रीनगरला जाणारी बहुतेक मंडळी एका दुपारात निशात, शालिमार आणि चश्मेशाही उरकतात. गाडीवाला प्रत्येक ठिकाणी अर्धा तास देतो, काश्मिरी पोशाखातले फोटो होतात आणि पुढची बाग. एवढ्या लांब जाऊन या बागा अशा बघणं मला फार जिवावर येतं. त्या खालून वर, पाण्याच्या उलट दिशेनं, सावकाश चढत बघायच्या आहेत.

निशातचंच घ्या. नूरजहानचा भाऊ आसफ खान यानं १६३३ मध्ये ही बाग उभी केली. पाठीशी झबरवानचा डोंगर, पुढ्यात डल सरोवर आणि मध्ये एकावर एक बारा टप्पे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मधल्या दगडी पाटातून एकेक टप्पा उतरत खाली येतं. जिथे टप्पा बदलतो तिथे एक तिरकी दगडी फळी बसवलेली असते. तिला चादर म्हणतात. जवळ जाऊन बघा, दगडावर माशाच्या खवल्यांसारखं कोरीवकाम आहे. पाणी सपाट दगडावरून गेलं असतं तर काचेसारखं गुपचूप घसरलं असतं. इथे ते प्रत्येक खवल्यावर आपटतं, त्यामुळे बोटभर थरसुद्धा पांढराशुभ्र फेसाळतो आणि आवाज करतो. पाणी थोडं, पण दिसतं भरपूर आणि ऐकू येतं त्याहून जास्त.

शालिमारमध्ये (जहांगीर, १६१९) हारवनकडून पाणी आणलं आहे. वरच्या टप्प्यात शाहजहानच्या काळातला काळ्या दगडाचा मंडप आहे, चारी बाजूंनी कारंजी. धबधब्याच्या मागच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे दिसतील. त्यांत दिवसा फुलं आणि रात्री दिवे ठेवायचे, म्हणजे पडत्या पाण्याच्या पडद्याआडून उजेड दिसायचा. आपल्याबरोबरचे पर्यटक त्या कोनाड्यांसमोर उभे राहून फोटो काढत होते आणि ते कशासाठी आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. पंप नसताना कारंजं उडायचं कसं? वरच्या टप्प्यावरचं पाणी बंद नळीतून खालच्या टप्प्यावर आणायचं आणि तोंडाशी नळी निमुळती करायची, एवढंच. पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू बघतं, पण वाटेत घर्षण होतं म्हणून थोडं कमीच चढतं. म्हणूनच या जुन्या बागांतली कारंजी बुटकी, जाडसर, बुडबुडत्या धारेची असायची. वरच्या टप्प्यापेक्षा उंच त्यांना जाताच येत नाही.

तेव्हापासून कुठलीही बाग बघताना मी पहिलं विचारतो, पाणी कुठून येतं? तुमच्या प्रवासातल्या बागा, कारंजी, नर्सऱ्या इथे लिहा. शक्यतो पाण्यासकट.

बकुळ
धागा फार आवडला. यासाठी काश्मीरला जायला हवं असं नाही, आमच्या संभाजीनगरात या आणि पाणचक्की बघा.

लोक बीबी का मकबरा बघून दमतात आणि पाणचक्कीला ‘तिथे काय आहे’ म्हणून टाळतात. इथे पाणी काही कोस लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांतून जमिनीखालून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. खरी गंमत हौदाखाली आहे. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर पाणी भरलेलं, खाली माणसं बसलेली. एप्रिल-मे महिन्यातला आमचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना हे किती शहाणपणाचं आहे ते लगेच कळेल.

शहराला नहरीनं पाणी आणायची सुरुवात मलिक अंबरची. खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, त्यानं १६१० मध्ये वसवली आणि मग नहर-ए-अंबरी आणली. पाणचक्की नंतरची, पण विद्या तीच.

पेठकर
+१. पुण्यातलं आमचं उदाहरणही घ्या. शनिवारवाड्यात हजारी कारंजं आहे, कमळाच्या आकाराचं, सोळा पाकळ्यांचं. बहुतेक जण ते कोरडं बघून पुढे जातात. वाड्याला पाणी यायचं ते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला, त्यावर पेठांमधले हौद भरायचे. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून पत्त्यात आहेत. नळात हवा कोंडू नये, गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. पुण्यात हेरिटेज वॉक करणारे लोक हे दाखवतात, जरूर जा. कारंज्यासमोर उभं राहून कात्रजचा घाट डोळ्यांसमोर आणला की ते कोरडं कमळही वेगळं दिसतं.

ओसाकाकर
जपानातून हजेरी. कानाझावाच्या केनरोकुएन बागेतलं कारंजं १८६१ पासूनचं आहे आणि जपानातलं सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जातं. वरच्या कासुमिगाइके तळ्यातलं पाणी खाली आणून ते उडवलंय. धार साधारण साडेतीन मीटर. घाटमाथांनी सांगितलेला नियम इथेही तसाच लागू. तळ्यात पाण्याची पातळी बदलली की धारेची उंची बदलते, आणि ते बघायला मला फार आवडतं.

हिवाळ्यात गेलात तर तिथल्या पाइन वृक्षांना उंच खांबावरून सुतळ्या बांधलेल्या दिसतील, छत्रीच्या काड्यांसारख्या. ओल्या, जड बर्फाखाली फांद्या मोडू नयेत म्हणून दर वर्षी १ नोव्हेंबरपासून माळी हे बांधायला घेतात. बांधताना बघायला मिळालं तर अजिबात सोडू नका. सर्वांत वरचा माळी खांबाच्या टोकाशी बसून एकेक दोर खाली सोडतो, आणि खालचे तो फांदीला बांधतात.

आणि पुणेकरांनो, तुमच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची आई इथे आहे. ओकायामाचं कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदारानं ते बांधायला घेतलं आणि १७०० मध्ये पुरं केलं. एवढ्या सुंदर बागेच्या मध्यावर भाताची खाचरं आणि चहाचा मळा आहे हे बघून मला खूप बरं वाटलं. एक छोटी विश्रामाची खोली आहे, तिच्या आतूनच ओढा वाहतो, दोन्ही बाजूंना बसायचं आणि मध्ये पाणी. पुण्याच्या बागेत मुठा कालव्याचं पाणी खेळवलंय. दोन्ही बघितलेल्यांना जाणवेल, पुण्यात जागा लहान असूनही वाट अशी वळवली आहे की पुढचं तळं वळण संपेपर्यंत दिसत नाही.

मधुमालती
सगळं मान्य, पण माझं मत थोडं वेगळं आहे. बाग म्हणजे आधी झाडं. कारंजं बंद असलं तरी बाग बाग राहते, झाडं गेली की काही उरत नाही.

मी बंगळूरात राहते. लालबागेत लोक ग्लास हाउससमोर फोटो काढून परत जातात. ग्लास हाउस छानच आहे, पायाभरणी १८८९ ची, आणि २६ जानेवारी व १५ ऑगस्टच्या सुमाराला तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. पण बागेत आत शिरा. हैदर अलीनं १७६० मध्ये सुरू केलेली बाग, पुढे टिपूनं आणि मग इंग्रजांच्या काळातल्या माळ्यांनी जगभरची झाडं आणून वाढवली. बागेतल्या त्या मोठ्या खडकावर चढा, तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सावरीचे, चिंचेचे केवढाले बुंधे आहेत! आणि बाहेर पडण्याआधी तिथल्या नर्सरीवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या विक्री विभागात जा, रोपं रास्त भावात आणि खात्रीची मिळतात.

कोलकात्याला गेलात तर हावड्याच्या शिबपूर बागेतला महावटवृक्ष. बाग १७८७ ची, वड अडीचशे वर्षांहून जुना. त्याचा मूळ खोड आता नाहीच. वादळांनी मोडला, मग बुरशी लागली, म्हणून १९२५ मध्ये कापून काढला. झाड मात्र तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतंच आहे. मधोमध जिथे खोड होतं तिथे मोकळी जागा आहे. मी तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होते.

घाटमाथा
मधुमालतीताई, झाडांबद्दल वाद नाहीच. निशातचे चिनार नसते तर ते सगळं पाणी उन्हात करपलं असतं.

गिरगावकर
मुंबईचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

राणीची बाग. पेंग्विन बघायला रांग लागते, ठीक आहे, मुलांना घेऊन जा. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन उर्वशीचं झाड विचारा. ब्रह्मदेशातलं झाड, लांब देठावर लोंबणारी लालसर फुलं, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. भारतात ते अगदी मोजक्या ठिकाणी दिसतं. बागेत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे. मुंबईत १८६० च्या दशकात सुरू झालेली ही मुळात वनस्पतींची बाग, प्राणी नंतरचे. याच बागेतली झाडं वाचवायला नागरिकांनी मोठा लढा दिला आणि त्याबद्दल त्यांचे जेवढे आभार मानावेत तेवढे थोडे.

फ्लोरा फाउंटन मुळात याच बागेसाठी ठरलं होतं. पुढे १८६४ मध्ये ते फोर्टात, पाडलेल्या चर्चगेटच्या जागी उभं राहिलं. वर फुलांची रोमन देवता. शेजारी १९६१ पासून हुतात्मा स्मारक आहे, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांना नमस्कार केल्याशिवाय मी त्या चौकातून पुढे जात नाही. कारंज्याचं काम करून २०१९ मध्ये त्यातलं पाणी पुन्हा सुरू केलं गेलं.

पण मला त्याहून जिव्हाळ्याच्या वाटतात त्या जुन्या पाणपोया. फोर्टात रतनसी मुळजी जेठा यांच्या नावाचं कारंजं आहे (१८९४), बापानं अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधलेलं. मशीद बंदरला केशवजी नायक यांचं १८७६ चं. माणसांना प्यायला पाणी आणि बैल-घोड्यांना वेगळं टाकं, अशी सोय या पाणपोयांत असायची. शहरात येणाऱ्या अनोळखी माणसाची आणि त्याच्या जनावराची तहान कुणीतरी आधीच विचारात घेतली होती. मुंबई बघायला येणाऱ्यांनी गेटवेबरोबर एखादी पाणपोईही बघावी.

उत्तरायण
गिरगावकर, पाणपोयांवरून रोम आठवलं. तिथे रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे छोटे नळ आहेत, ‘नासोनी’ म्हणतात, शहरभर सुमारे २,५००. पाणी सतत वाहतं आणि पिण्याचं असतं. तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उलटी वर उडते आणि वाकून सरळ पिता येतं. रोममध्ये उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, एक बाटली घ्या आणि भरत राहा.

त्रेवी कारंजं सगळे बघतात. ते १७६२ मध्ये पुरं झालं, पण ते ज्या जलवाहिनीच्या शेवटाला आहे ती इसवी सनापूर्वी १९ मधली.

घाटमाथांसाठी खास शिफारस मात्र तिवोलीची. रोमपासून साधारण तीस किलोमीटर. तिथे सोळाव्या शतकात एका कार्डिनलनं डोंगराच्या उतारावर व्हिला देस्ते बांधला. आनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगदा खणून आणलं आणि शेकडो धारा उडवल्या, सगळ्या उतारावर. शंभर कारंज्यांची एक वाटच आहे, शेवाळ चढलेली, तीन ओळींत पाणी. आणि एक कारंजं पाण्याच्या जोरानं कोंडलेल्या हवेवर ऑर्गन वाजवतं. त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, दारावर लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे आत फिरा. उलटं पॅरिसजवळच्या व्हर्सायला पाणी नव्हतंच. चौदाव्या लुईनं सेन नदीवर भलंमोठं यंत्र बसवलं तरी ते पुरलं नाही. राजा येताना दिसला की शिट्टी वाजवून पुढचं कारंजं सुरू करायचं, तो गेला की बंद. आजही तिथली कारंजी ठरावीक दिवशीच उडतात, तिकीट काढण्याआधी तारीख बघा.

रानवारा
मी दोन लहान मुलांची आई आहे. वरच्या सगळ्या बागा सुंदरच असतील, पण म्हैसूरच्या वृंदावन गार्डनमधली संध्याकाळ माझ्या मुलांच्या अजून तोंडी आहे. गाणं, दिवे, नाचणारं पाणी. जाणकार मंडळी संगीत कारंज्यांना नाकं मुरडतात ते मला पटत नाही. दिवसभर राबून आलेली, चार गावांहून एसटीनं आलेली माणसं तिथे पायऱ्यांवर बसून मनापासून टाळ्या वाजवत होती. बाग सगळ्यांची असते.

घाटमाथा
रानवारा, अगदी खरं. आणि वृंदावन गार्डनचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणानं. कृष्णराजसागर धरण विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली सुरू झालं, आणि धरणाच्या पायथ्याशी बाग करायची हे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी मनावर घेतलं. १९३२ च्या सुमाराला ती पुरी झाली. धरण म्हणजे नुसती भिंत राहू नये, लोकांनी तिथे यावं, बसावं ही दृष्टी. पैठणला नाथसागराखाली संत ज्ञानेश्वर उद्यान झालं तेही याच धर्तीवर. पुढच्या वेळी मुलांना आधी धरणाच्या भिंतीकडे बोट करून सांगा, हे पाणी तिकडून आलंय. त्यांना कारंजं आणखी आवडेल.

नवंअंगण
नर्सऱ्यांबद्दल कुणी लिहील का? आम्ही जूनमध्ये दापोलीला जातोय. घरामागे थोडी जागा आहे, पनवेलजवळ. आंबा, कोकम आणि जमलं तर जायफळ आणायचं आहे. गाडीनं जाणार.

दापोलीकर
नवंअंगण, या, स्वागत आहे. आधी विद्यापीठाच्या नर्सरीत जा. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे आणि त्यांची कलमं खात्रीची असतात. हापूस हवाच असेल तर घ्या, पण ‘रत्ना’ही बघा. नीलम आणि हापूसचा संकर, हापूससारखा दर वर्षाआड रुसत नाही आणि साका (गरातला पांढरट, खराब भाग) कमी. काजूसाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती प्रसिद्ध आहेत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंचक्रोशीतले सगळेच येतात, चांगली कलमं लवकर संपतात, म्हणून फोन करून उपलब्धता विचारून निघा.

कलम घेताना जोड बघा, म्हणजे वरची फांदी आणि खालचं रोप जिथे जुळवलंय ती जागा. जोडाच्या वर आणि खाली जाडी साधारण सारखी हवी आणि जोड नीट भरून आलेला हवा. बोटानं अगदी हलकं वाकवून बघा, लचकला तर ठेवून द्या. प्लास्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर घरी लावताना ती हलक्या हातानं काढा, नाहीतर खोड तिथेच कापलं जातं. लावताना जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. जोडाखालून फुटवे येतील ते दिसले की खुडायचे, ते रायवळ असतात, कलमाचं सगळं बळ खातात. कोवळ्या तांबूस पालवीचं झाड घेऊ नका, पानं हिरवी, जून झालेली हवीत. प्रवासात कोवळी पालवी मान टाकते.

कोकम आणि जायफळाचं नीट ऐका. या दोन्हींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांचं रोप घेतलंत तर वाढवून वाढवून सात-आठ वर्षांनी फूल आल्यावर कळणार की ते नर आहे आणि फळ कधीच धरणार नाही. म्हणून मादी झाडाचंच कलम घ्या, ‘कोकण अमृता’ हे कोकमाचं, ‘कोकण सुगंधा’ हे जायफळाचं. मुद्दाम विचारा, कलम आहे की रोप. रस्त्याकडेच्या टपरीवर मिळणारं स्वस्त कोकम बहुधा रोपच असतं.

पेठकर
पुण्याकडच्यांसाठी : उरुळी कांचन, सोरतापवाडी भागात सोलापूर रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. शोभेची झाडं तिथे पुष्कळ. त्यातली बरीच आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं आलेली असतात.

मधुमालती
कडियम प्रत्यक्ष बघा असं मी सांगेन. गोदावरीच्या कालव्यांचं पाणी आणि सुपीक गाळ, त्यामुळे गावच्या गाव नर्सरी. (घाटमाथा, बघा, शेवटी पाण्यावरच आलं.) आपली नाशिकची गोदावरी तिथे समुद्राला टेकत आलेली असते. मैलोन्‌मैल कुंड्या, माणसाच्या दुप्पट उंचीचे ताड पोत्यांत बांधून ट्रकमध्ये चढवताना दिसतात. बायका रोपं पिशव्यांत भरत असतात, हाताचा वेग असा की बघत राहावं.

तिथल्या रोपांची एक अडचण सांगते. मुळांभोवती चिकण लाल मातीचा घट्ट गोळा असतो. ट्रकच्या प्रवासात तो फुटू नये म्हणून तो तसा असणं गरजेचं. पण तो तसाच घरच्या कुंडीत लावला की पाणी गोळ्याच्या बाजूनं निघून जातं आणि आतली मुळं कोरडी, नाहीतर आतच साचून कुजतात. आठ-दहा दिवस रोप पिशवीतच सावलीत ठेवा. मग गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती बोटांनी हळूहळू सैल करा, मधली तशीच राहू द्या, आणि कोकोपीट-कंपोस्ट मिसळलेल्या मातीत लावा. आंब्याच्या कलमाला मात्र हे करू नका, त्याची मुळं उघडी पडलेली त्याला सोसत नाहीत.

उत्तरायण
परदेशातून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. हॉलंडच्या कॉइकेनहोफला (मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं) ट्युलिपचे कंद बघून मोह होतो. जिवंत रोपं आणि कंद भारतात आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, भारत सरकारच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे. बॅगेत लपवून आणू नका. एक रोगट कंद आपल्याकडच्या शेतकऱ्याचं केवढं नुकसान करू शकतो. ट्युलिप बघायचे तर एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगरची बाग आहेच.

नवंअंगण
दापोलीकर, मधुमालतीताई, फार फार आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. एकच विचारते, गाडीत कलमं कशी ठेवू? डिकीत चालतील का?

दापोलीकर
डिकी नको, आत वाफ होते. मागच्या सीटच्या पायाशी, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभी ठेवा, मधल्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा म्हणजे घाटात कलंडणार नाहीत. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, निघताना नाही. जेवायला थांबाल तिथे गाडी सावलीत लावा आणि काचा थोड्या खाली. घरी पोचल्यावर लगेच खड्ड्यात घालू नका, आठवडाभर झाडाखाली ठेवून मग लावा. आणि कोकमाची दोन कलमं घ्या, एक दगावलं तरी वर्ष फुकट जाणार नाही.